मशीन फळी कापेल, पण पोरगं शिकणार कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुतण्या १९ वर्षांचा, गारगोटीजवळ राहतो, बारावी झालाय, हाताला वळण चांगलं आहे, घरात तीन पिढ्यांचं सुतारकाम. त्याला धंदा शिकायचाय. त्याचे वडील म्हणतात, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं-कोरायचं मशीन) आलं, आता एआय आलं, पाच वर्षांत सुताराला कुणी विचारणार नाही, त्यापेक्षा एमआयडीसीत कुठंतरी चिकट. त्याला कोल्हापुरात शिकायला पाठवावं की नाही?

पाठवा. पण वडिलांची भीती मी उडवून लावणार नाही, कारण मशीनमुळे सुताराचं काम गेलेलं मी बघितलंय. त्या गेलेल्यांत मी स्वतः होतो.

मी या कामात ३३ वर्षं आहे. पहिली ९ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये काढली, पुढची सगळी फर्निचर आणि साइटवर. पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. लोखंडाचा ओतीव भाग करायचा तर आधी वाळूत त्याचा ठसा घ्यावा लागतो, आणि ठसा घ्यायला त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. तोच पॅटर्न. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, हे पॅटर्न पुरवणारे सगळे हाताचे सुतार होते. पंपाची बॉडी असो की इंजिनाचा भाग, आधी तो आमच्या बाकावर सागवानात तयार व्हायचा.

आमची पट्टीसुद्धा वेगळी असायची. बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून पट्टीवर जिथं १००० मिलिमीटर लिहिलंय तिथं खरी लांबी १०१० असते. पॅटर्नच्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार ठेवायचा, नाहीतर तो वाळूतून वर काढताना कडा तुटतात. वाळूच्या ओलीनं लाकूड फुगू नये म्हणून वर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या रोगणाचे, हात मारायचे. आमचे उस्ताद पॅटर्न हातात घेऊन डोळे मिटायचे आणि कोपऱ्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवायचे. कुठं अर्धा मिलिमीटर उंचवटा राहिलाय ते त्यांना बोटाला कळायचं. मग पेन्सिलीची एक खूण करून पॅटर्न परत द्यायचे, बोलायचे नाहीत.

मग सीएनसी आलं. कॉम्प्युटरवर भागाचं ड्रॉइंग, आणि मशीन ॲल्युमिनियमच्या किंवा रेझिनच्या ठोकळ्यातून तो आकार सरळ कोरून काढणार. आम्हाला आठ दिवस लागायचे ते दोन दिवसांवर आलं, आणि शंभर नग हवेत तर शंभर सारखे. आमच्या शॉपमध्ये सातजण होतो. दोघं राहिले. राहिलेल्या दोघांचा हात आमच्यापेक्षा चांगला होता असं नाही. त्यांना ड्रॉइंग वाचता यायचं. कागदाकडे बघून ते सांगायचे, इथं वाळू फाटणार, पॅटर्नचे दोन तुकडे या रेषेवर करा, इथला कोअर, म्हणजे पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा गाभा, ढळणार. पॅटर्न वाळूतून बाहेर कसा निघणार, हे ज्याला डोक्यात दिसतं त्याची गरज मशीन आल्यावर आणखी वाढली. त्यातला एकजण पुढं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकला आणि आजही त्याच कामात आहे. माझा हात चांगला होता, पण ड्रॉइंग समोर आलं की मी ते शेजाऱ्याकडे सरकवायचो. मी बाहेर पडलो. तुमच्या पुतण्यानं ही चूक करू नये एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

आता फर्निचरकडे येऊ. यात कुठलं काम धोक्यात आहे हे स्पष्ट सांगतो: डब्याचं काम. प्लायचा किंवा बोर्डाचा चौकोनी डबा, त्याला झडप, आत फळ्या. मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब म्हणजे शेवटी असे डबेच. त्यांची मापं मशीनला सोयीची बांधून घेतलेली आहेत. बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिलिमीटरचं, फळीच्या खुंट्यांची भोकं ३२ मिलिमीटरच्या अंतरावर. आठ बाय चारच्या शीटमधून कुठला तुकडा कुठं बसवला तर वाया कमी जाईल, हे मी पूर्वी प्लायच्या ढलप्यावर पेन्सिलीनं मांडत बसायचो, संध्याकाळ जायची. आता सॉफ्टवेअर ते मिनिटात मांडतं, आणि माझ्यापेक्षा कमी वाया घालवतं. पॅनल सॉ कापतो, एज बँडिंगचं मशीन पट्टी चिकटवतं, बोरिंगचं मशीन भोकं पाडतं. हे काम साइटवर बसून हातानं करणारा सुतार टिकणार नाही, आणि त्यानं टिकावं असा माझा हट्टही नाही. बंद खोलीत प्लायच्या भुशात दिवसभर श्वास घेणं वाईट असतं. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलंय. वर्कशॉपमध्ये निदान धूळ ओढून घेणारं मशीन बसवता येतं.

एआयचं म्हणाल तर माझ्या कामात ते आलंय ते चित्रं घेऊन. गिऱ्हाईक पूर्वी मासिकातलं कात्रण आणायचं, आता मोबाईलवर एआयनं काढलेलं स्वतःच्याच हॉलचं चित्र आणतं. मला त्याचा फायदाच होतो, त्यांच्या मनात काय आहे ते लगेच कळतं. पण मागच्या वर्षी राजारामपुरीतल्या एका घरात असं चित्र आलं: भिंतीभर पुस्तकांची फळी, १२ फूट लांब, १८ मिलिमीटरची, मध्ये एकही आधार नाही. मी वखारीतून त्याच जाडीची आठ फुटी पट्टी आणली, दोन स्टुलांवर ठेवली आणि त्यांचीच पुस्तकं तिच्यावर रचली. बघता बघता मधोमध पाऊण इंच पोट आलं. त्याच घराच्या दुसऱ्या चित्रात किचनच्या कोपऱ्यात काटकोनात दोन ड्रॉवर होते. एक उघडला की दुसरा उघडायचा नाही. चित्र काढणाऱ्याला ड्रॉवर दिसत होता, पण ड्रॉवर बाहेर यावा लागतो हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मला उद्यमनगरच आठवलं. पॅटर्न वाळूतून निघाला पाहिजे, ड्रॉवर खणातून निघाला पाहिजे, आणि कपाट जिन्यातून वर गेलं पाहिजे. या चुका ही सॉफ्टवेअरं पुढं सुधारतील, त्याबद्दल मला शंका नाही. पण तोवर आणि त्यानंतरही कुणीतरी जबाबदारी घेऊन 'हे असं होणार नाही' म्हणावं लागतं, आणि तो माणूस साइटवर उभा असतो.

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा अभ्यास केला होता. ४७ टक्के नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका, हा त्यांचा आकडा अजून फिरतो. वडिलांनी तोच कुठंतरी ऐकला असेल. तो आकडा तांत्रिकदृष्ट्या काय शक्य आहे याचा होता, एवढ्या नोकऱ्या जाणारच असं त्यांनी म्हटलेलं नव्हतं. मला त्यात वेगळीच गोष्ट कामाची वाटली. त्यांनी बांधकामावरचा सुतार आणि वर्कशॉपमध्ये कपाटं बनवणारा सुतार हे दोन वेगळे धरले, आणि वर्कशॉपवाल्याचा धोका जास्त काढला. माझ्या डोळ्यांसमोर कोल्हापुरात हेच घडलंय.

साइटवर काय असतं ते एका कामावरून सांगतो. शुक्रवार पेठेतलं जुनं घर, विटा-मातीच्या भिंती. घरच्यांनी कारखान्यातून तयार किचन मागवलेलं, बसवायला मला बोलावलं. माल उत्तम होता, मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही. मी भिंतीला ओळंबा लावला. आठ फुटांत भिंत वरून दहा सूत बाहेर झुकलेली, म्हणजे सव्वा इंच. खालची फरशी एका टोकाला चार सूत उतरलेली. शंभर वर्षांचं घर, त्याचा काय दोष? सगळे डबे आधी पाण्याच्या पातळीत उभे केले, मग भिंत आणि शेवटचा डबा यांच्यामधल्या फटीसाठी सागवानाची पट्टी घेतली. पट्टी उभी धरून भिंतीच्या अंगानं पेन्सिल वरून खाली ओढत आणली, म्हणजे भिंतीचा प्रत्येक फुगवटा पट्टीवर उमटतो. ती रेघ करवतीनं थोडी बाहेरून कापली आणि उरलेलं रंध्यानं आणि कानशीनं घासत आणलं. पाच वेळा लावून बघितली. सहाव्यांदा बसली तेव्हा फटीत कागद जात नव्हता. घरातल्या आजी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी पट्टीवरून हात फिरवला आणि आत चहा ठेवायला गेल्या. एवढ्या एका पट्टीला मला अर्धा दिवस लागला. मशीनला हे जमणारच नाही असं मी म्हणत नाही. पण भिंत मोजायची, त्यातलं कुठलं वाकडेपण लपवायचं आणि कुठलं तसंच ठेवायचं हे ठरवायचं, आणि एका घरातल्या एका पट्टीसाठी मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, हा हिशेब लवकर बसणार नाही.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरच्या कारखान्याला कळत नाही, ती म्हणजे पंचगंगेचा पूर. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. सुतारवाड्यात पाणी शिरलं की गावाला कळतं पूर आला, आणि ते नाव ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं. २०१९ च्या पुरानंतर दोन महिने मी शाहूपुरीत फक्त दुरुस्तीची कामं केली. पार्टिकल बोर्डाचं किचन पाण्यात पावासारखं फुगलेलं, हातानं चुरा होत होता. साध्या प्लायचे पदर सुटलेले. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा खरा शिक्का असलेला, बहुतेक ठिकाणी वाचला. आणि एका घरात आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग होता, चार दिवस पाण्यात. त्यावर आम्ही फक्त चिखल धुतला, आणि मालकांना हात जोडून सांगितलं की उन्हात टाकू नका, सावलीत वाळू द्या, नाहीतर तडकेल. महिन्यानं दोन सांधे आवळले, झालं.

तेव्हापासून पूररेषेतल्या घरांना मी खालची कपाटं भिंतीत ठोकून देत नाही, बोल्टवर देतो. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की पाना घेऊन तासाभरात सगळं सुटतं आणि माडीवर नेता येतं. ४३ ची धोका पातळी यायची वाट बघायची नाही, असं बजावून ठेवलंय. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, फुगलेली कपाटं उपसताना सुचली.

तसं बघितलं तर सुताराचं काम आजवर रोबोटपेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी जास्त खाल्लंय. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. त्याआधी गावोगावचा सुतार बाभळीचे नांगर करायचा आणि बलुतं घ्यायचा. खिडक्या ॲल्युमिनियमनं नेल्या, न्हाणीघराच्या चौकटी ग्रॅनाइटनं. मोठ्या शहरांतल्या टॉवरच्या कामांवर सेंट्रिंगचा सुतार ॲल्युमिनियमच्या साच्यांनी कमी केला. वडिलांनी यातलं बरंच स्वतः सोसलं असणार.

मला खरी काळजी वेगळी आहे. ती सांगायला जपानचं उदाहरण घेतो. तिथं लाकडी घरं अजूनही भरपूर बांधतात. पूर्वी खांब-तुळयांवर आखणी करणं आणि सांधे कापणं हे सुताराचं मुख्य काम होतं. आता बहुतेक घरांचे खांब-तुळया कारखान्यात मशीनवर कापून येतात, साइटवर जोडायचं. तिथल्या जनगणनेत १९८० मध्ये ९ लाखांहून जास्त सुतार होते, २०२० मध्ये ३ लाखांच्या आत आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढचे. यामागं एकटं मशीन नाही, घरं कमी बांधली जातात, पोरं या कामाकडे वळत नाहीत. पण आज तिथं सुतार बेकार नाहीत, सुतार मिळत नाहीत. आणि जे नवे येतात त्यांना आखणी आणि सांधा शिकायला पूर्वीसारखी जागा उरलेली नाही, कारण ते काम साइटवर येतच नाही.

हे माझ्या हाताखालच्या पोरांत दिसायला लागलंय. मी शिकलो तेव्हा पहिलं वर्ष फळ्या उचलणं, धार लावणं, रंधा मारणं. त्यात लाकूड हाताला कळायचं: रेषा कुठल्या बाजूला चढतात, गाठ कुठं आडवी येणार, ओलं लाकूड रंध्याखाली कसं आवाज करतं. आता माल कापून येतो. पोरगं चार वर्षं स्क्रू पिळतं, चॅनेल लावतं, सॉफ्ट क्लोज जुळवतं. तो स्वतःला सुतार म्हणतो, आणि त्याला रंध्याचं पातं बसवता येत नाही. शुक्रवार पेठेतली ती पट्टी त्याला जमणार नाही. उद्या डबे जोडायचं कामही सोपं झालं, की सगळ्यात आधी तोच घरी बसणार. त्याची चूक नाही, त्याला शिकवलंच नाही. यात आमच्या पिढीतल्या मिस्त्र्यांचा दोष आहे. हजेरी परवडते, शिकवणं परवडत नाही, असं आम्ही फार वर्षं म्हणत आलो.

म्हणून पुतण्याला पाठवताना कुठं पाठवता हे बघा. फक्त मॉड्युलर बसवणाऱ्या ठेकेदाराकडे लगेच टाकू नका, तिथं पैसे पहिल्या महिन्यापासून मिळतील आणि शिकणं तिथंच थांबेल. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे, तो करावा. हत्यारांची नावं आणि ड्रॉइंग वाचणं तिथं व्यवस्थित होतं, आणि प्रमाणपत्राचा पुढं उपयोग आहे. त्यानंतर निदान वर्षभर जुन्या घरांची, दारं-चौकटींची कामं करणाऱ्या मिस्त्रीकडे. एक चौकट पूर्ण हातानं, खाच आणि तिच्यात बसणारी कूस पाडून, काटकोन बघायच्या गुण्याला तंतोतंत. मग तीन-चार महिने पॅनल सॉ आणि राउटर (लाकूड कोरायचं मशीन) असलेल्या वर्कशॉपमध्ये, मालकाला सांगून की मला मशीन चालवायला शिकायचंय. कॅडचं एखादं फुकट सॉफ्टवेअर रात्री घरी. पोरगं बारावी झालंय, त्याला ते आपल्यापेक्षा लवकर येईल. एआयला माप सांगून कटिंग लिस्ट काढून घेऊ दे, पण ती लिस्ट पहिलं वर्षभर स्वतः टेपनं पडताळल्याशिवाय कापायची नाही, ही शिस्त लावा.

पैशांची बाजू: २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतार त्यात आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि पुढं ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज १ लाखाचं. योजना घरातल्या एकाच माणसाला मिळते, तेव्हा वडिलांनी आधी घेतली असेल तर ते बघून घ्या.

आणि काम कुठून येणार असं वडिलांनी विचारलं तर त्यांना अंबाबाईच्या देवळात घेऊन जा. गरुड मंडपाचे लाकडी खांब खराब झाले म्हणून तो उतरवून सागवानात पुन्हा उभा करायचं काम हाती घ्यावं लागलं. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, शाहू महाराजांच्या काळातली वास्तू. अशी कामं दरवर्षी निघत नाहीत. पण पन्हाळ्यापासून कागलपर्यंत जुने वाडे, देवळांचे सभामंडप, माड्या आहेत, आणि त्यांचे खांब-तुळया वाळवी आणि ओल खातेय. मला महिन्याला दोन-तीन माणसं विचारतात आणि मी नाही म्हणतो, कारण खांबाचं खराब झालेलं बूड कापून नवं लाकूड जोडणारा दुसरा हात माझ्याकडे नाही.

पुतण्याला आयटीआयच्या प्रवेशाआधी महिनाभर माझ्याकडे पाठवायचं असेल तर पाठवा, राहायची सोय होईल. येताना वडिलांचा रंधा घेऊन यायला सांगा. पातं गंजलेलं असेल तर तसंच आणू दे, वडिलांना साफ करून देऊ देऊ नका. पहिले आठ दिवस त्याला तेवढंच काम आहे.